घेर दोनदा

माझ्या टेपचे पहिले दहा सेंटीमीटर
खाऱ्या पाण्यानं पुसून नेलेत.
मी दहाच्या रेघेवर माशाचं तोंड टेकवते
आणि शेवटी दहा वजा करते.
आनंदवाडीच्या जेटीवर सहा वर्षं
हेच वजा चाललंय.

सरकारी काट्याची बॅटरी
नारळीपुनवेच्या आदल्या दिवशी उतरली, ती उतरलीच.
मग वरून कागद आला:
तोंडापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत लांबी,
पुढच्या पराच्या मागे, जाड असेल तिथं, घेर.
लांबी गुणिले घेर, परत गुणिले घेर,
भागिले एकोणतीस हजार.
उत्तर किलोत.
एकोणतीस हजार आले कुठून
ते कागदात नाही.

मंदोदर कोयंडेला वाचून दाखवलं.
ओल्या गोणपाटाखाली बांगडे झाकता झाकता
तिनं विचारलं, "लांबी एकदाच?"
एकदाच.
"आनि घेर दोनदा?"
दोनदा.
"बरां केल्यानी. पोटाक दोनदा मान दिल्यानी.
जेवनारो मानूस आसतलो कोनतरी."

तिची रीत वेगळी.
जाळ्याचं तुटकं सूत इसवणीच्या पोटाभोवती फिरवायचं,
तेच दुमडून पाठीवर धरायचं,
किती वेळा बसतं ते ओठांत मोजायचं
आणि डोळे किलकिले करून सांगायचं: पावणेपाच.
माझ्या वहीत येतात चार आठशे.
खरेदीदाराच्या काट्यावर चार साडेसातशे.
ती हसत नाही. सूत कमरेला खोचते.

पापलेट या गणितात मावत नाही.
बळा तर त्याहून नाही, नुसता पट्टा.
आणि इसवणीचं पोट गाभोळीनं फुगलंय
की मरण्याआधी गिळलेल्या पेडव्यांनी,
टेपला दोन्ही सारखंच.
मंदोदर मात्र अंगठा दाबून बघते,
आणि भाव त्याप्रमाणे.

दिवाळीनंतरच्या एका पहाटे
धाकू सारंगानं होडीतून अर्धी इसवण काढली.
डोकं, कल्ले, पुढचे पर, थोडं पोट.
पुढे चंद्रकोरीसारखी कापलेली कड
आणि काही नाही.
"मोरीन तोडल्यान," तो म्हणाला,
"गळ वर येयसर."
शेजारच्या होडीवरचा रेडिओ कोणीतरी बंद केला.

शेपटीच नाही, तर बेचकं कुठून आणायचं?
मी डोकं मोजलं: एकवीस.
डोक्याच्या पाचपट अंग, हे मंदोदरनंच शिकवलेलं.
म्हणजे एकशे पाच.
घेर शाबूत होता: त्रेचाळीस, परत त्रेचाळीस.
बोटं गार पडली होती, भागाकार दोनदा चुकला.
सहा सातशे.
खरेदीदाराच्या काट्यावर होते
दोन नऊशे.

धाकू माझ्या वहीत डोकावत होता.
"किती व्हती ती?"
सांगितलं.
त्यानं होडीच्या काठावर ओला हात पुसला,
काठही ओलाच होता.
"सहा सातशे," तो मंदोदरला म्हणाला,
जसं काही ती अजून त्याच्या हातात होती.
मंदोदरनं दोन नऊशेचेच पैसे ठरवून दिले
आणि चहा सांगितला. तिघांचा.

फॉर्मवर रकाना एकच: उतरलेलं वजन.
मी दोन नऊशे भरले.
उरलेले तीन आठशे
समासात, पेन्सिलीनं, बारीक.
का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.
लांज्याला घरी आई ताक मोजून देते
आणि भांड्याला लागलेलंही धरते,
त्यातलंच असेल.

महिन्यानं जिल्ह्याच्या ऑफिसातून फोन.
नवा माणूस, आवाजात घाई,
"मॅडम, पान चौदा. समासात तीन आठशे आहेत.
ते कोणाचे?"

जेटीवर त्या वेळी लिलाव सुरू होता,
मला एक कान बोटानं बंद करावा लागला.

मोरीचे, मी म्हटलं.

पलीकडे कीबोर्ड थांबला.
"आडनाव?"